हाताची घडी, तोंडावर पट्टी

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पुतण्या कामानिमित्त इकडे आला होता आणि रात्री आमच्याकडेच राहिला. दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, बाहेरच्या खोलीत झीरोचा दिवा लावला आणि दचकलेच. दिवाणावर पोरगा उताणा झोपलेला आणि तोंडावर आडवी पांढरी पट्टी! (पोरगा म्हणजे बेचाळीस वर्षांचा, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. पण दिरांचा मुलगा तो आपल्याला पोरगाच.) उठवावं की ह्यांना हाक मारावी, काही कळेना. शेवटी खुर्ची ओढून पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. काय दिसलं ते पुढे सांगते.

सकाळी चहाच्या वेळी विचारलं, तर म्हणाला, “अगं काकू, ह्याला माउथ टेपिंग म्हणतात. सगळं जग करतंय. तोंड बंद राहिलं की माणूस आपोआप नाकाने श्वास घेतो, घोरणं थांबतं, झोप गाढ लागते.” मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओही दाखवले. त्यातली एक तरतरीत मुलगी ओठांवर पट्टी लावून झोपते आणि सकाळी फुलासारखी उठते. उठणारच, पंचविशीची आहे ती! मग पुतण्या हसून म्हणाला, “आणि काकू, तू शाळेत काय करायचीस? हाताची घडी, तोंडावर बोट! मी फक्त बोटाच्या जागी पट्टी लावली.”

सगळे हसले, मीही हसले. पण जाता जाता तो जे बोलला त्याने माझं हसू विरलं. “आता मुलालाही लावून बघणार आहोत. तोही तोंड उघडं टाकून झोपतो.” मुलगा नऊ वर्षांचा आहे. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे, त्यामुळे थोडी चिडचिड जाणवली तर समजून घ्या.

आधी जे खरं आहे ते कबूल करते. नाकाने श्वास घेणं चांगलं, यात वाद नाहीच. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलसर करतं. नाकाच्या आजूबाजूला ज्या सायनसच्या पोकळ्या असतात त्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू भरपूर तयार होतो, हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं. तो श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैलावायला मदत करतो. तोंडाने घेतलेल्या श्वासाला हे काहीच मिळत नाही. शिवाय सकाळी घसा कोरडा आणि जीभ लाकडासारखी होते ती वेगळीच. तेव्हा माझं भांडण नाकाशी नाही, पट्टीशी आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली : नाक दाबलं की तोंड उघडतं. आपण ती अडवणुकीच्या संदर्भात वापरतो, पण शरीरशास्त्र म्हणूनही ती शंभर टक्के बरोबर आहे. काय आधी आणि काय नंतर, याचा क्रम तिच्यात स्पष्ट आहे. आधी नाक दबतं, मग तोंड उघडतं. पट्टीवाल्यांनी हा क्रमच उलटा केला. त्यांच्या मते माणसाला तोंड उघडं ठेवायची वाईट सवय लागते आणि म्हणून नाक आळशी होतं. काही जणांच्या बाबतीत निव्वळ सवय असेलही. पण बाकीच्यांचं तोंड कशाने उघडतं? कुणाच्या नाकातला पडदा वाकडा असतो, कुणाला कोंब वाढलेले असतात, कुणाला धुळीची नाहीतर परागकणांची अॅलर्जी असते. आपण एका वाक्यात मोकळे होतो, “त्याचा सर्दीचा कोठाच आहे.” कोठा म्हटलं की तपासायचं काही उरत नाही!

आमच्या पुतण्याचंच बघा. पट्टी लावायच्या आधी तो नाकात थेंब टाकतो, नाक मोकळं करायचे, औषधाच्या दुकानात सहज मिळणारे. का, तर त्याशिवाय पट्टी लावून झोपताच येत नाही. रोज रात्री आधी थेंब, मग पट्टी. असले थेंब चार-सहा दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग आणखी थेंब लागतात. म्हणजे तोंड बंद करण्यासाठी नाक उघडायचं आणि ते उघडण्यासाठी आणखी बंद करत न्यायचं. आमच्या गणिताच्या सरांनी ह्याला भोपळा दिला असता.

आता घोरण्याकडे येते. पट्टीने घोरणं थांबतं, हा यांचा सर्वांत मोठा दाखला. पुतण्याची बायको फोनवर मला म्हणाली, “काकू, तुम्हाला सांगते, गेल्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा शांत झोपतेय.” तिच्या सुखाच्या आड मला यायचं नाही. पण घोरणं हा नुसता उपद्रव नसतो, निरोपही असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, हवेची वाट अरुंद होते आणि तिथून हवा घासत जाते त्याचा तो आवाज. काही जणांची ती वाट अधूनमधून पूर्णच मिटते. मग श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, मोठा फुरर्र असा आवाज होतो आणि तो पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. फक्त आठ तास झोपूनही डोळ्यांवर झापड का, हे त्याला कळत नाही. ह्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हे नाव रुळवलं. वाट मिटते ती जिभेच्या मागे, घशात. ओठांवर पट्टी लावून घसा कसा उघडा राहील? घराच्या आतल्या खोलीचं दार अडकलंय आणि आपण बाहेरच्या फाटकाला कुलूप लावतोय!

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाहीये. आमच्या घरात ह्यांचं घोरणं हा पंचवीस वर्षं विनोदाचा विषय होता. लग्नकार्यात पाहुणे आधी विचारायचे, “भाऊसाहेब कुठल्या खोलीत?” म्हणजे आपण त्याच्या उलट्या टोकाला. ‘कसा ढाराढूर झोपतो बघा, नशीबवान माणूस,’ असंही कौतुक व्हायचं. नशीबवान माणूस दुपारी पेपर वाचता वाचता झोपायचा, पाहुण्यांशी बोलता बोलता झोपायचा. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या. २०१२ साली सिग्नलला उभी असलेली स्कूटर झापडीत पुढे गेली आणि दुभाजकावर आपटली. पायावर निभावलं. अपघाताच्या निमित्ताने एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांना नाही, मला विचारलं, “रात्री घोरणं मध्येच थांबतं का?” थांबतं की! आणि थांबलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, झोप लागली एकदाची गाढ.

रात्रभराची तपासणी झाली. छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. आकडा आला ४१. म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अगदी क्षीण होत होता, प्रत्येक वेळी कमीत कमी दहा सेकंद. पाचाच्या आत ठीक समजतात, तिसाच्या वर गंभीर. ज्या शांततेत मला बरं वाटत होतं त्या शांततेत माझा नवरा गुदमरत होता. तेव्हापासून ह्यांच्या नाकावर रात्री मास्क असतो. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं ते यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रथम वापरून दाखवलं. नातू त्याला ‘आजोबांची सोंड’ म्हणतो. दिसायला सुंदर नाही, रीलमध्ये शोभणार नाही, स्वस्तही नाही. पण दुपारच्या डुलक्या गेल्या आणि रक्तदाबाची एक गोळी कमी झाली.

म्हणून त्या रात्री मी खुर्ची ओढून बसले होते. काय दिसलं? पुतण्याची छाती वरखाली होत होती. कुणीही म्हटलं असतं, श्वास चालू आहे. मी नाकाशी हाताची मागची बाजू धरली. हवा लागेना. छाती आणि पोट नुसते ओढाताण करत होते, आत काही जात नव्हतं. मनात आकडे मोजले, अठरापर्यंत गेले. मग पट्टीखाली ओठ फुगल्यासारखे झाले, अंगाला एक झटका बसला, नाकातून जोरात हवा आली आणि तो कुशीवर वळला. पंधरा मिनिटांत असं चार वेळा झालं. आवाज मात्र फारसा नाही. बायकोला शांत झोप लागते ती ही.

“पण काकू, ह्यावर संशोधन झालंय,” असं पुतण्या म्हणाला. झालंय. ते कुठवर गेलंय तेही बघू. तैवानमध्ये २०२२ साली सौम्य अॅप्निया असलेल्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या २० जणांना पट्टी लावून पाहिली. तासाचा मधला आकडा ८.३ वरून ४.७ वर आला. चांगली गोष्ट आहे. पण माणसं २० आणि सगळी सौम्य. अमेरिकेत २०२४ साली ५४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात तोंड मिटल्यावर बऱ्याच जणांचा श्वास सुधारला, पण जे सर्वांत जास्त तोंडाने श्वास घेत होते त्यांचा उलट कमी झाला. म्हणजे ज्यांना पट्टीची सर्वांत जास्त गरज असं जाहिरात सांगते, नेमकं त्यांनाच ती बाधते! आणि २०२५ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी असे सगळे अभ्यास एकत्र तपासले. मिळून १० अभ्यास, २१३ माणसं. त्यांपैकी दोनच अभ्यासांत ठळक सुधारणा दिसली आणि चार अभ्यासांत नाक चोंदलेल्या माणसाला गुदमरण्याचा धोका सांगितलेला. एवढ्याशा पुराव्यावर घरोघरी पाकिटं खपतायत.

जेम्स नेस्टर या अमेरिकी पत्रकाराचं २०२० साली आलेलं ‘ब्रेथ’ हे पुस्तक सगळे पुरावा म्हणून पुढे करतात. पुस्तक वाचनीय आहे, मी वाचलं. त्यात तो आणि त्याचा एक मित्र दहा दिवस नाकपुड्या बंद करून राहतात, बेसुमार घोरू लागतात, मग बोळे काढून नाकाने श्वास घेतात, रात्री पट्टी लावतात, आणि घोरणं जातं. आता मला सांगा, यात पट्टीचं श्रेय किती आणि बोळे काढल्याचं किती? नाक बंद केलं तर झोपेचं वाटोळं होतं, एवढंच त्यातून मला कळलं. मग ज्यांचं नाक जन्मापासूनच बंद आहे त्यांचे बोळे कोण काढणार? आणि ही कल्पनाही नवी नाही. जॉर्ज कॅटलिन नावाच्या अमेरिकी चित्रकाराने १८६० च्या दशकात तोंड मिटण्याचं माहात्म्य सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. जगातली निम्मी दुखणी त्याने उघड्या तोंडाच्या माथी मारली. चित्रं मात्र उत्तम काढायचा.

तेवढ्यात आपल्या लोकांना पूर्वज आठवतात. ‘हे आमच्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं’ असा निरोप मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. ऋषींना काय ठाऊक होतं ते तरी नीट बघा की. हठयोगाच्या ग्रंथांत नाकाचं महत्त्व आहेच, पण तिथे नाक मोकळं करायची नेती सांगितली आहे. तोंड चिकटवायला कुठे सांगितलंय? ज्याच्या शरीरात मेद आणि कफ जास्त त्याने प्राणायामाच्या आधी शुद्धिक्रिया कराव्यात, असं हठप्रदीपिका म्हणते. म्हणजे आधी अडथळा काढा, मग श्वासाचं बघा. शीतली आणि सीत्कारीत तर श्वास तोंडानेच आत घेतात. आणि प्राणायाम जागेपणी करायचा असतो, झोपेत बेसावध असताना नव्हे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत नेऊन मोजायला सुरुवात केली. परंपरेचा अभिमान असेल तर मोजायची ही परंपराही आपलीच आहे.

आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसले ते लिहिते. लिहायला जड जातंय.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाक सदा गळतं, तोंड सदा उघडं, डोळ्यांखाली काळं, आणि दुसऱ्या तासाला पेंगायचा. ‘म’ आणि ‘न’ त्याला म्हणताच यायचे नाहीत. ‘माझा’ चं ‘बाझा’ व्हायचं, ‘नाही’ चं ‘दाही’. मराठीच्या तासाला उभं करून वाचायला लावलं की वर्ग हसायचा. मी त्याला ‘म’ घोटायला लावलेला आहे. मुद्दाम, सगळ्यांसमोर, दहा-दहा वेळा. आणि “तोंड मीट, माशी जाईल” हे तर मी त्याला किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. तो लगेच तोंड मिटायचा, आज्ञाधारक होता. थोडा वेळ चेहरा लाल होईपर्यंत तसाच राहायचा आणि मग बिचाऱ्याचं तोंड पुन्हा उघडायचं. मला वाटायचं, उद्दामपणा करतोय. आठवीत नापास झाला आणि शाळा सुटली.

बरीच वर्षं गेल्यावर एसटी स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. म्हणाला, “बाई, हिच्या नाकामागची गाठ काढली. रात्रभर घोरायची, तोंड उघडं टाकायची. आता झोपती निवांत.” आणि मग अगदी सहज, “डॉक्टर म्हणाले, तुमचंही लहानपणी हेच असणार.”

त्या गाठीला अॅडेनॉइड म्हणतात. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला ती लहान मुलांत असतेच, काहींची फार वाढते आणि नाकाची मागची वाटच बुजते. नाकातून आवाज न गेल्यामुळे ‘म’ चा ‘ब’ होतो. कान चोंदून ऐकू कमी येतं. झोप मोडल्यामुळे पोर पेंगतं नाहीतर चिडचिड करतं. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टराने १८६८ साली हे सगळं वर्णन करून ठेवलं होतं. विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरने १८८९ साली, मुलं ‘मठ्ठ’ का ठरतात याच्या कारणांत ते मांडलं होतं. मी वर्गात उभी राहिले त्याच्या ऐंशीहून जास्त वर्षं आधी! मला ते बी.एड.ला कुणी शिकवलं नाही, हे खरं. पण ज्या पोराला तोंड मिटून श्वास घेता येत नाही हे डोळ्यांसमोर दिसत होतं, त्याला मी का विचारलं नाही, “का रे, त्रास होतो का?” याला बी.एड. लागत नाही. आज्ञा देणं सोपं होतं.

म्हणून पुतण्याचा तो विनोद मला लागला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. माझं बोट आणि त्याची पट्टी एकाच जातीची. मुलगा रात्री तोंड उघडतो, कारण त्याला हवा हवी आहे. त्याचं ते तोंड चिकटवायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मोठ्या माणसाला निदान पट्टी ओरबाडून काढता येते. गाढ झोपेतलं नऊ वर्षांचं पोर, त्यात सर्दी, रात्री उलटी झाली तर? व्हिडिओतली ती फुलासारखी मुलगी येणार आहे का धावत?

मोठ्यांपैकी ज्यांचं नाक मोकळं आहे, घसा तपासलेला आहे, डॉक्टरांनी बघून हो म्हटलंय, त्यांनी लावावी खुशाल. पण बिनतपासणीची पट्टी नको. आणि तपासणीची पहिली पायरी फुकट आहे. घरात कुणी घोरत असेल तर एका रात्री दहा-पंधरा मिनिटं त्याच्याशेजारी जागं राहा. आवाजाकडे लक्ष देऊ नका, आवाजांमधल्या शांततेकडे द्या. हाताची मागची बाजू नाकाशी धरा. छाती हलतेय आणि हवा लागत नाहीये, असं दिसलं की सकाळी फोन करून नाक-कान-घसा तज्ज्ञांची वेळ घ्या. मुलांच्या बाबतीत शिक्षकांनीही बघावं. मागच्या बाकावरचं उघडं तोंड दिसलं तर घरच्यांना बोलावून रात्री कसा झोपतो एवढं विचारावं.

दिवाळीला पुतण्या सहकुटुंब आला तेव्हा मी हे सगळं त्याला ऐकवलं, अर्थात बरंच मोठ्या आवाजात. आधी हसला. मग त्याच्या बायकोने त्या रात्री हात धरून पाहिला आणि पहाटे मला उठवलं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मुलाला डॉक्टरांना दाखवून झालं, गाठ आहे. आधी नाकात मारायचा औषधी फवारा काही आठवडे देऊन बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, म्हणालेत. पुतण्याची रात्रीची तपासणी येत्या शनिवारी आहे. तोवर गाडी तिने चालवायची असं ठरलंय, आणि तो कुरकुरत का होईना शेजारी बसतोय.

पट्ट्यांचं उरलेलं पाकीट मी काढून घेतलं. फराळाच्या डब्यांवर कुणाचा कुठला ते लिहून चिकटवायला फार छान पडल्या.